तालात घातलेला हंबरडा

आठ जणांचा बँड. दोघं ओरडणारे, तिघांच्या हातात गिटार, दोघांकडे बेस आणि मागे एक ड्रमवाला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, स्टर्लिंग या गावी १९९७ साली हा बँड उभा राहिला आणि २००३मध्ये मोडला. मधल्या सहा वर्षांत त्याने जे केलं त्याच्या जोरावर आजही स्क्रीमो या ओरडून गायच्या संगीतप्रकाराचा विषय आला की त्याचं नाव आधी निघतं. पेज नाइन्टीनाइन. या मंडळींनी आपल्या रेकॉर्डना नावं दिली नाहीत, दप्तरातल्या कागदांना द्यावेत तसे क्रमांक दिले. २००१चा ‘डॉक्युमेंट नंबर ८’ त्यातला सगळ्यांत गाजलेला.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात निव्वळ कल्लोळ ऐकू येतो. तीन गिटारी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, ड्रम सुसाट, एक ओरडणारा थांबायच्या आत दुसरा सुरू. शब्द तर अमेरिकनांनाही कळत नाहीत, ते छापील कागदावर वाचावे लागतात. मग एकाएकी सगळं खाली बसतं. एकच गिटार दोन-तीन सूर घोळवत राहते, ऐकणारा जरा सैल होतो आणि तेवढ्यात आठही जण एकदम कोसळतात. दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऐकलं की लक्षात येतं, हे कोसळणं मोजूनमापून बसवलेलं आहे. आठ माणसं एका मात्रेवर एकत्र पडतात, ती चुकून पडत नाहीत.

वाशीम जिल्ह्यातून या बँडविषयी लिहिण्याचं कारण सरळ आहे. पुष्कळांनी मिळून तालात ओरडायचं, ते शिकून ओरडायचं, आणि ओरडणारा व ऐकणारा यांच्यात अंतर ठेवायचं नाही, या तिन्ही गोष्टी मानोरा-मंगरूळपीरकडच्या तांड्यांना गिटारीविना ठाऊक आहेत. गोर बंजारा समाजाच्या होळीतली लेंगी आणि लग्नातला ढावलो ज्याने ऐकला, त्याला पेज नाइन्टीनाइन ऐकताना अनोळखी असं फार थोडं उरतं. उलट्या बाजूनेही हे खरं आहे. आपल्या लोकसंगीताकडे आपण ‘पारंपरिक कला’ म्हणून कौतुकाने बघतो आणि त्यातला दणका विसरून जातो. तो दणका काय होता हे कधी कधी परक्या, बेसूर वाटणाऱ्या संगीतातून जास्त चांगलं कळतं.

स्क्रीमोचा उगम सांगायचा तर वॉशिंग्टनमधल्या ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ या बँडपासून सुरुवात करतात. १९८५ साली डिस्कॉर्ड या छोट्या कंपनीने त्यांची रेकॉर्ड काढली. तोवर हार्डकोर पंक हा भरधाव, कर्कश रॉक म्हणजे राग, सरकारवरचा, पोलिसांवरचा, शाळेवरचा. या मंडळींनी त्याच वेगात आणि त्याच आवाजात दुःख आणलं. पुढे १९९१मध्ये सॅन डिएगोत ग्रॅव्हिटी रेकॉर्ड्स ही कंपनी निघाली, ‘हेरोइन’सारखे बँड आले, गाणी मिनिट-दीड मिनिटावर आली आणि ओरडण्याला गाण्याचा आधारही उरला नाही. तिथून ही लागण टोकियोत गेली, इटलीत गेली. २०००नंतर मोठ्या कंपन्यांनी ‘स्क्रीमो’चा शिक्का मारून जे गुळगुळीत गाणं विकलं, त्याचा या तळघरांशी संबंध नावापुरता होता. ते इथे सोडून देऊ.

तळघर हा शब्द मात्र सोडता येत नाही. असे कार्यक्रम नाट्यगृहात होत नसत. कुणाच्या घराचं तळघर, चर्चचा हॉल, विद्यापीठातलं पोरांनीच चालवलेलं कॅफे. सॅन डिएगोचं चे कॅफे अशांपैकीच. आठ माणसं, त्यांचे अँप्लिफायर आणि ड्रम मांडल्यावर तळघरात किती जागा उरणार? बघे बँडच्या इतके जवळ असतात की गिटारचा दांडा एखाद्याच्या कपाळाला लागतो. रंगमंच नसल्याने कोण बँडमधला आणि कोण बाहेरचा हे अंधारात कळत नाही. ओरडणारा माइक पुढे करतो, समोरचे पंधरा जण त्यावर तुटून पडतात आणि पुढची ओळ तेच ओरडतात.

आता आठ जण कशाला? आवाज मोठा करायचा तर एक मोठा अँप्लिफायर पुरतो. माझ्या मते खरं कारण दम आहे. ओरडणाऱ्या माणसाचा श्वास फार लवकर संपतो आणि श्वास घेतानाची फट ऐकणाऱ्याला सावरायला वेळ देते. दोघं ओरडणारे असले की फट बुजते, एक दम घेतो तेव्हा दुसरा सुरू असतो. गिटारींचंही तेच. तिघं एकच सूर वाजवत असले तरी केसाएवढं पुढे-मागे होतंच आणि त्या पुढे-मागेपणातून आवाजाला जाडी येते. एकाच गिटारचा आवाज तिप्पट केला तर ती जाडी येत नाही. शाहिराला झीलकरी लागतो तोही याचसाठी. शाहीर दम घेतो तेवढ्यात झीलकऱ्याने पट्टी वर उचलून धरलेली असते, फडात शांतता म्हणून होऊ द्यायची नसते.

लेंगीत हा हिशेब जास्त उघड दिसतो. होळीला तांड्यातले पुरुष गोल करतात, डफ किंवा नंगारा मध्ये, थाळी सोबतीला. एक जण ओळ टाकतो, एक बाजू उचलते, दुसरी बाजू ती परतवते. ओळ संपायच्या आत पुढची ओळ येते, त्यामुळे दोन आवाज क्षणभर एकमेकांवर चढलेले असतात. चाल साधी, दोन-चार सुरांतली. लय मात्र हळूहळू चढत जाते आणि आवाजही. शेवटाकडे गाणं गळ्यातलं उरत नाही, ते पोटातून येऊ लागतं. मजकूर कसाही असतो: देवादिकांचा, तांड्याच्या नायकाचा, दिराची टर उडवणारा, चक्क चावट, अलीकडे दारूबंदीचा, शिक्षणाचा, निवडणुकीचाही. बाया वेगळा घोळका करून उत्तर देतात आणि त्यांच्या हातातल्या बलियांचा, म्हणजे बांगड्यांचा, खळखळाट तालात भर घालतो. होळीच्या या दिवसांत बायांनी काठ्या घेऊन पुरुषांना बदडायचं, हाही खेळाचाच भाग.

या गर्दीचं गणित एका वेगळ्याच ठिकाणी मांडलं गेलं. २०१३मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या जेसी सिल्व्हरबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेटल संगीताच्या कार्यक्रमांतल्या गर्दीची चित्रफितींवरून मोजदाद केली आणि ते काम ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या भौतिकशास्त्राच्या नामांकित पत्रिकेत छापून आलं. बँडसमोर जी धक्काबुक्की चालते तिला मॉश पिट म्हणतात. तिच्यातल्या माणसांचे वेग वायूतल्या रेणूंच्या वेगांसारखे विभागलेले दिसले. कधी कधी तीच गर्दी एका दिशेने गोल पळू लागते, तो सर्कल पिट. संगणकावर त्यांनी खोटी माणसं सोडून पाहिली. त्यांना फक्त दोन गोष्टी शिकवल्या: शेजारचे जातात त्या दिशेने जा, आणि थोडं मनानेही भरकट. भरकटणं जास्त ठेवलं की धक्काबुक्की, कमी केलं की गोल. कुणी पुढारी नेमावा लागत नाही, हे त्यातलं महत्त्वाचं. प्रत्यक्षातले गोल बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट दिशेने फिरताना दिसले. आपण प्रदक्षिणा घालतो ती घड्याळाच्या दिशेने. यावरून काही सिद्ध होत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

लेंगीच्या गोलात भरकटायला वाव कमी, कारण सगळ्यांना एकमेकांची नावं ठाऊक. तळघरातली पोरं एकमेकांना अनोळखी असतात आणि त्यांना दीड मिनिटाच्या गाण्यात तांडा व्हायचं असतं. धक्काबुक्कीतही एक नियम कडक पाळला जातो: कुणी खाली पडला की आजूबाजूच्यांनी त्याला लगेच उचलायचं.

लेंगी हा झाला दंगा. हंबरडा ऐकायचा तर ढावलो ऐकायला हवा.

जुन्या पद्धतीच्या बंजारा लग्नात नवरीने पाठवणीच्या वेळी रडायचं असतं आणि ते कसंही रडायचं नसतं. लग्न ठरलं की तांड्यातल्या जाणत्या बाया तिला ढावलो शिकवू लागतात: कुठली ओळ कुणासाठी, स्वर कुठे लांबवायचा, कुठे तोडायचा. मग त्या दिवशी ती एकेकाच्या गळ्यात पडते. आई, बाप, भाऊ, मावशी, मैत्रीण, प्रत्येकासाठी तिच्याकडे वेगळं मागणं असतं, वेगळी तक्रार असते. मला इतक्या लांब का दिलंस, हा प्रश्न ती बापाला सगळ्या तांड्यासमोर विचारू शकते. एरवी विचारायची सोय नसते. ओळ उंच सुरावर सुरू होते, उतरत उतरत येते आणि शेवटी हुंदक्यात मोडते. तो हुंदका ठरल्या जागी येतो, तरी तो खोटा नसतो. निरोपाचाच दुसरा प्रकार हवेलीचा. नवरीला बैलाच्या पाठीवर उभं करतात आणि ती दोन्ही हात वर करून माहेराचा, तांड्याचा निरोप घेते. ज्या समाजाचं सगळं जगणं बैलांच्या पाठीवर लादलेलं होतं, त्याने मुलीच्या निरोपासाठी बैलाचीच पाठ निवडावी हे समजण्यासारखं आहे.

शिकलेलं रडणं खरं कसं, असा प्रश्न शहरी माणसाला हमखास पडतो. हाच प्रश्न स्क्रीमोच्या बाबतीतही विचारतात: रोज संध्याकाळी नव्या गावात तेच गाणं तसंच ओरडणारा माणूस खरंच दुःखात असतो का? मला हा प्रश्नच उलटा वाटतो. न शिकता ओरडणाऱ्याचा गळा पहिल्या पाच मिनिटांत बसतो आणि मग दुःख असलं तरी ते बाहेर काढायला आवाज राहत नाही. शिकवण असते ती दुःख आणण्यासाठी नव्हे, ते शेवटपर्यंत नेता यावं म्हणून.

याला शरीरशास्त्राचा आधार आहे. आपण बोलतो-गातो ते स्वरयंत्रातल्या स्वरतंतूंच्या कंपनाने. त्यांच्या जरा वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते, तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. तयारीचा ओरडणारा खालच्या नाजूक तंतूंवर ताण न देता ही वरची जोडी थरथरवतो, गळा सैल ठेवतो आणि जोर पोटातून लावतो. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या गायनशिक्षिकेने याचं रीतसर शिक्षण द्यायला सुरुवात केली. ‘द झेन ऑफ स्क्रीमिंग’ ही तिची डीव्हीडी २००५ची, आणि पुढच्या कित्येक ओरडणाऱ्यांचे गळे तिने वाचवले असतील. सुरुवातीच्या स्क्रीमोवाल्यांकडे मात्र असं काही नव्हतं. ते खरोखर घसा फाडत आणि त्यांच्या रेकॉर्डमध्ये ते फाटणं ऐकू येतं. त्या पोरांना शिकवायला जाणत्या बाया नव्हत्या, एवढाच तांड्याशी फरक.

किंकाळी ऐकली की आपण चमकून वळतो, त्याचंही कारण सापडलं आहे. २०१५मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त ल्यूक आर्नाल, डेव्हिड पोपेल आदींचा अभ्यास आला. साध्या बोलण्यात आवाजाची चढउतार सेकंदाला चार-पाच वेळा होते. किंकाळीत ती सेकंदाला ३० ते १५० वेळा होते. या पट्ट्यातल्या आवाजाला कानाच्या भाषेत खरखर म्हणता येईल. बोलणं या पट्ट्यात जवळपास येतच नाही; तो जणू धोक्यासाठी राखून ठेवलेला असतो आणि मेंदूतला भीतीशी निगडित भाग त्याने जागा होतो. म्हणून स्क्रीमोतले शब्द न कळताही अंगावर काटा येतो, आणि गोरबोली न येणाऱ्यालाही ढावलो ऐकून गलबलतं.

महाराष्ट्रात गिटारी लावून ओरडणं मुंबईत रुजलं. ‘भयानक मौत’ हा बँड २००३च्या सुमाराचा, आणि त्यातही बरीच वर्षं ओरडणारे दोघं होते, विनय वेंकटेश आणि सुनीत रेवणकर. हार्डकोरच्या जवळचा म्हणाल तर ‘स्क्राइब’. विश्वेश कृष्णमूर्ती ओरडायला, बेसवर श्रीनिवास सुंदरराजन, जो चित्रपटही करतो. बाकीचे बँड मृत्यू, सैतान, अंधार वगैरे विषयांत दंग असताना स्क्राइबने हिंदी सिनेमा उचलला. २०१०च्या रेकॉर्डचं नाव ‘मार्क ऑफ तेजा’, म्हणजे ‘अंदाज अपना अपना’तला तेजा, २०१४ची ‘हेल मोगॅम्बो’. इतक्या भीषण आवाजात विनोद चालतो हे लेंगी ऐकणाऱ्याला नवं नाही, पण इंग्रजी बँडांची नक्कल करणाऱ्या तेव्हाच्या मुंबईला ते नवं होतं. स्क्राइबसमोरची पोरं हसत हसत एकमेकांवर आदळायची.

या सगळ्यांच्या आधीच्या पिढीचं ठिकाण धोबीतलावचं रंगभवन. १९८६पासूनचा इंडिपेन्डन्स रॉक हा संगीतमहोत्सव तिथे गाजला. उघडं नाट्यगृह, भोवती कॉलेज आणि रुग्णालयं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवले, रात्री १०नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आली आणि रंगभवनातला रॉक संपला. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ८५ डेसिबल आवाज कान ८ तास सोसतो, पण पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोट्ट्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. हार्डकोरच्या कार्यक्रमाला जाणारे जाणते लोक कानात बोळे घालून जातात आणि त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही. रंगभवन गेल्यावर मुंबईतलं हे संगीत छोट्या बंदिस्त जागांत गेलं, आणि हार्डकोरला तर तीच जागा मानवते.

नंगाऱ्याला ती मानवत नाही. नंगारा मोकळ्या रानासाठीच आहे. वाडग्यासारख्या पोकळ भांड्यावर कातडं ताणायचं, काठ्यांनी वाजवायचं. त्याचा खर्ज दूरवर जातो, झाडांनी, टेकड्यांनी अडत नाही. असं वाद्य बंजाऱ्यांच्या भटकंतीला शोभणारं; ते हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून फौजांना पुरवठा करत मुलूखभर फिरत. रेल्वे आली तसा हा धंदा बसला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या फेऱ्यात बंजाऱ्यांचेही अनेक तांडे अडकले; तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. महाराष्ट्रात आजही बंजारा समाजाची नोंद विमुक्त जातींत होते. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे या समाजाचं सर्वांत मोठं तीर्थ. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे, जगदंबा देवीचं देऊळ इथे, रामनवमीला यात्रा. तेलंगणातून, कर्नाटकातून माणसं येतात आणि अरदाशीच्या, म्हणजे प्रार्थनेच्या, वेळी नंगारा वाजतो.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं; देवळात त्यांनी स्वतः नंगाराही वाजवला. चार मजली इमारत, १३ दालनं, आणि इमारतीचा आकारच नंगाऱ्याचा. याच समाजातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, तरी या समाजाच्या इतिहासाला असं घर मिळायला इतकी वर्षं लागली. म्हणून त्या इमारतीचा आनंद मोठा आहे. पण संग्रहालय ही शांत राहायची जागा असते. काचेमागचा नंगारा पाहून त्याचा आकार कळतो, घाट कळतो, कातडं कसं बांधलंय ते कळतं. छातीच्या पिंजऱ्यात तो काय करतो हे कळायला पालखीसोबत चालावं लागतं.

दिवाळीत तांड्याकडून ऐकायची गोष्ट याहून निराळी आहे. अमावस्येच्या रात्री लग्न न झालेल्या मुली हातात दिवा घेऊन घरोघर मेरा म्हणत जातात. थोडक्या शब्दांत, जवळजवळ एकाच सुरात घरातल्या माणसांना शुभ चिंतायचं आणि पुढच्या घरी जायचं. याच पोरींतली एखादी पुढच्या उन्हाळ्यात ढावलो म्हणणारी. एकाच गळ्याला दोन्ही टोकं यायला हवीत, ही अपेक्षा किती मोठी आहे! पेज नाइन्टीनाइनच्या गाण्यातली ती एकटी गिटार मला इथे आठवते. खालचा सूर नीट बसला नसेल तर वरचा कोसळलेला कळतही नाही.

ढावलो आता विरळ होत चाललाय. लग्नं मंगल कार्यालयांत होतात, तीन तासांचं भाडं असतं, मुली शिकलेल्या असतात आणि नवरा कोण हे त्यांना आधीपासून ठाऊक असतं. बापाला जाब विचारायची वेळ येऊ नये यात वाईट काहीच नाही. ढावलो टिकावा म्हणून मुलींनी लांबच्या, अनोळखी घरी रडत जावं असं कुणी म्हणू नये. लेंगीचं मात्र बरं चाललंय. वाशीम-यवतमाळच्या पट्ट्यात लेंगीच्या स्पर्धा होतात, बक्षिसं लागतात, पोरं मोबाइलवर चित्रण करून पाठवतात.

अडचण आहे ती त्या स्पर्धांतल्या मंचाची. मंच आला की माइक येतो, माइक आला की तो पुढच्या एकाच्या तोंडासमोर जातो. मग भोंग्यातून ऐकू येतो एक गाणारा आणि मागे अस्पष्ट गलका. एक बाजू दुसरीवर चढते ती जागा, डफावरची थाप, थाळी, सगळं वाहून जातं. मोठ्या बँडला हा त्रास जगभर होतो. आठ जणांना आठ वेगळे माइक लावून नंतर मिसळलं की प्रत्येक जण स्वच्छ ऐकू येतो आणि गर्दी नाहीशी होते. म्हणून हार्डकोरचे ध्वनिमुद्रक खोलीच्या मधोमध किंवा कोपऱ्यात एखादा माइक नुसताच उभा ठेवतात, जो कुणा एकाचा नसतो. लेंगीच्या गोलातही मध्यावर, डफापासून पाच-सहा हात दूर आणि माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर एकच माइक टांगला तर काम भागावं. भोंग्याचं तोंड गाणाऱ्यांकडे नको, नाहीतर शिट्टी वाजेल. स्पर्धा भरवणाऱ्यांनी एकदा करून पाहावं. आणि येत्या फाल्गुनात मानोऱ्याकडे गेलात तर मंचासमोरच्या खुर्च्यांवर बसू नका. बक्षीस-समारंभ आटोपल्यावर पोरं डफ घेऊन मंडपामागे जातात, तिकडे जा.